ओवणावळ

डॉक्टर शिरगुप्प्यांनी फिल्म उजेडाला लावली
आणि मी आधी मोजले, सवयीनं.
मणी मोजल्याशिवाय सुईत धागा घालायचा नाही,
सासऱ्यांनी शिकवलेलं.
माझीच माळ. वर उजवीकडं कलंडलेली,
खाली परत डावीकडं वळलेली,
कुणीतरी घाईत गाठ मारल्यासारखी.

"किती येईल?" दस्तगीरनं विचारलं.
"ते किती मणके धरायचे त्यावर."
मला हसू आलं.
गुजरीत चाळीस वर्षं मी हेच सांगत आले,
गिऱ्हाईक विचारतं ओवणावळ किती,
मी म्हणते, मणी दाखव आधी.

नऊ मणके, आणि खाली कमरेच्या हाडापर्यंत.
दर मणक्याला दोन स्क्रू,
इथले घेतले तर एक भाव, बाहेरचे घेतले तर दुसरा.
दोन दांड्या, टायटॅनियमच्या.
मी विचारलं, तोळ्याला काय पडतं?
डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.
"वजनावर नसतं, मावशी."

मग वयावर असतं. एकसष्ट.
साखरेवर असतं; ती खाली येईतोवर तारीख नाही.
हाडावर असतं. माझं हाड
जुन्या लाखेच्या मण्यासारखं, वरून गोल, आत पोकळ,
स्क्रू धरेलच असं नाही, म्हणून आत सिमेंट,
सिमेंटचं वेगळं.
रक्ताच्या पिशव्या चार, कदाचित सहा.
भुलीत असताना पायांची नस जागी आहे का बघणारं मशीन,
ते पुण्याहून येणार, सोबत त्याचा माणूस येणार,
त्याचं जाणं-येणं आपल्याकडं.
काचेच्या खोलीत दोन रात्री. चार झाल्या तर चाराचे.
आसमा मोबाईलवर बेरीज करत होती,
मधेच थांबली, पुन्हा पहिल्यापासून करू लागली.

मी घासाघीस केली. लाज कसली.
"एक मणका कमी धरला तर?"
"तर त्याच्या वरचा वाकेल."
हे त्या खोलीत मला एकटीलाच नीट कळलं.
साजात एक गाठ ढिली राहिली
की मत्स्याचं पान कूर्मावर चढतं
आणि बाई आरशात बघून म्हणते, तिरकं दिसतंय.

"आणि दांडी तुटली तर?"
"तुटते कधी कधी. दोन-तीन वर्षांनी. मग परत उघडावं लागतं."
"परतची मजुरी?"
डॉक्टर फिल्म काढायला वळले.
आमच्यात तुटलं तर फुकट ओवून देतात.
बोलले नाही मी.
आमचा धागा कातडीच्या बाहेर असतो.

कागदावर नव्हतं तेही होतंच:
आठ वर्षांच्या गोळ्या, तीन पट्टे,
गडहिंग्लजकडचा तो तेलवाला, ज्यानं पाठीवर पाय दिला,
पुढचे सहा महिने न ओवलेले साज,
आसमाची बिनपगारी रजा.
आणि गिऱ्हाइकांची तोंडं.
मान वर करायची तर कंबर मागं रेटावी लागते,
म्हणून आता मी बायका चपलेवरून ओळखते.
कापशीवाली टाच घासत येते. तिला
नात झाली म्हणे, तिच्या तोंडावर ते कसं दिसतं
मी बघितलेलं नाही.

सात लाख ऐंशी हजार.
खाली बारीक अक्षरात: अंदाजे.

राजारामपुरी आठव्या गल्लीत दस्तगीर रिक्षा बघायला गेला.
मी भिंतीला टेकले. म्हणजे एक खांदा टेकतो,
दुसरा वाऱ्यावर.
तेवढ्यात फोन, कसबा बावड्याहून.
मुलीचं लग्न, साज गुरुवारपर्यंत पाहिजे.
लिहायला दुसरं काही नव्हतं.
कागद उलटा केला, भिंतीवर धरला:
पानं एकवीस. डोरलं मधे. गोंडा लाल.

बाईनं विचारलं, ओवणावळ किती?

मी म्हटलं, बघून सांगते.